दारात आलेला मजकूर : संगणक ‘नाही’ म्हणायला कसा शिकला? (धागा)

१/
चार्ल्स बॅबेज यांना ब्रिटिश संसदेच्या सदस्यांनी दोन वेळा एकच प्रश्न विचारला होता : यंत्रात चुकीचे आकडे घातले, तर उत्तर बरोबर येईल का? १८६४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात बॅबेज यांनी हा किस्सा नोंदवला आहे आणि प्रश्नकर्त्यांच्या वैचारिक गोंधळाबद्दल एक बोचरा शेराही मारला आहे. संगणकशास्त्राच्या वर्गात या किश्श्यावर आजही हशा पिकतो. त्याच पुस्तकातील दुसऱ्या एका उताऱ्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

२/
बॅबेज यांच्या नियोजित ‘ॲनालिटिकल इंजिन’ला गणिताच्या ओघात लॉगॅरिदमची किंमत लागली, तर ते घंटा वाजवून सेवकाकडे कार्ड मागणार होते. सेवकाने आणलेल्या कार्डावरचा क्रमांक यंत्र स्वतः मागितलेल्या क्रमांकाशी ताडून पाहणार होते. क्रमांक जुळला नाही तर यंत्र काम थांबवणार आणि योग्य कार्ड हाती येईपर्यंत मोठ्याने घंटा वाजवत राहणार, अशी ती योजना होती. हे यंत्र पूर्ण स्वरूपात कधीच बांधले गेले नाही. पण बाहेरून आलेल्या मजकुरावर विश्वास न ठेवणारे, तो नाकारणारे आणि नाकारल्याचे स्पष्ट कळवणारे यंत्र एका माणसाने एकोणिसाव्या शतकात कल्पिले होते. संसद सदस्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्याच्याजवळ होते : उत्तर बरोबर येणार नाही, पण यंत्राला चूक ओळखता येईल.

३/
आजचा वेब एपीआय याच जागी उभा आहे. मोबाइलवरचे तिकिटाचे ॲप दूरच्या सर्व्हरकडे विनंती पाठवते. तिच्यात नाव, वय, प्रवासाची तारीख, स्थानक असे रकाने असतात. पलीकडे कोण आहे, हे सर्व्हरला दिसत नाही. त्याच्या हाती पडते ती केवळ अक्षरांची एक माळ. वयाच्या रकान्यात आकडाच आहे ना? तारीख पंचांगात असलेली आहे ना? नाव प्रमाणाबाहेर लांब नाही ना? न मागितलेला एखादा रकाना गुपचूप आत आलेला नाही ना? काम सुरू करण्यापूर्वी हे तपासणे म्हणजे पडताळणी.

४/
येथे एक भेद आधीच लक्षात घ्यावा. पडताळणीला आकार कळतो, सत्य कळत नाही. आधार क्रमांकाचा बारावा अंक हा तपासणी-अंक आहे. तो डच गणितज्ञ जेकोबस व्हेरहॉफ यांनी १९६९ साली मांडलेल्या पद्धतीने काढला जातो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ही पद्धत चूक हमखास पकडते. मात्र अचूक टंकलेला क्रमांक देणाऱ्याचाच आहे की दुसऱ्याचा, हे ती सांगू शकत नाही. पहारेकऱ्याने परवान्यावरचा शिक्का ओळखला, म्हणून परवाना बाळगणारा प्रामाणिक ठरत नाही.

५/
इंटरनेटच्या जन्मकाळी मात्र सद्गुण मानला गेला तो नेमका याच्या उलट. जानेवारी १९८० मध्ये जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेला टीसीपीचा आराखडा ‘आरएफसी ७६१’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्यात एक छोटे कलम होते. त्याचा आशय असा : स्वतः पाठवताना काटेकोर राहावे, दुसऱ्याकडून स्वीकारताना उदार असावे. पुढे हेच वचन ‘पोस्टेलचा नियम’ म्हणून प्रसिद्धीस आले आणि प्रोग्रामरांच्या दोन पिढ्यांनी ते सुभाषितासारखे पाठ केले.

६/
पोस्टेल यांना भोळे ठरवणे अन्यायाचे होईल. त्या वेळी जाळ्यावरील यंत्रे निरनिराळ्या कंपन्यांची होती, प्रत्येक संस्थेने आराखडा आपापल्या समजुतीने वाचला होता आणि त्यात संदिग्ध जागाही पुष्कळ होत्या. प्रत्येक किरकोळ विसंगतीवर दार लावून घेतले असते, तर ही यंत्रे एकमेकांशी बोललीच नसती. जाळ्यावर होते ते बहुतेक विद्यापीठांतील आणि संशोधनसंस्थांतील लोक. गावात चोर नव्हता, म्हणून कडी घालण्याची रीत नव्हती.

७/
ही रीत २ नोव्हेंबर १९८८ रोजी महाग पडली. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने एमआयटीतील एका यंत्रावरून एक स्वतःच पसरणारा प्रोग्राम सोडला. इतिहास त्याला ‘मॉरिस वर्म’ म्हणून ओळखतो. त्याला आत शिरण्याच्या अनेक वाटा माहीत होत्या. त्यांपैकी एक वाट या धाग्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे.

८/
त्या काळी युनिक्स यंत्रांवर ‘फिंगर’ नावाची सेवा असे. तिला वापरकर्त्याचे नाव पाठवले की ती त्याची माहिती परत देई. आजच्या भाषेत तो एक अगदी साधा एपीआयच म्हणता येईल. आलेले नाव ठेवण्यासाठी त्या प्रोग्रामने ५१२ बाइटची जागा राखली होती. नाव वाचण्याचे काम सी भाषेतील ‘गेट्स’ या फंक्शनकडे होते. (बिल गेट्स यांचा याच्याशी काही संबंध नाही.) या फंक्शनला किती अक्षरे वाचायची, हे सांगण्याची सोयच नव्हती. ओळ संपेपर्यंत ते वाचत राही आणि राखीव जागा भरली तरी पुढे लिहीत जाई. वर्मने ५३६ बाइट पाठवले. वरचे २४ बाइट शेजारच्या स्मृतीत सांडले, प्रोग्रामने पुढे कोठे जायचे याची तेथील नोंद त्यांनी पुसली आणि तिच्या जागी वर्मच्या स्वतःच्या सूचनांचा पत्ता आला. नाव विचारणारा प्रोग्राम आता पाहुण्याचे हुकूम पाळू लागला.

९/
ही युक्ती ‘व्हॅक्स’ यंत्रांवर चालली; ‘सन’ यंत्रांची स्मृतिरचना निराळी असल्याने तेथे सेवा नुसती कोसळली. सुमारे ६,००० यंत्रे बाधित झाली, असा आकडा सर्वत्र दिला जातो. तो मोजणीतून आलेला नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे. जाळ्यावर साठ हजार यंत्रे असावीत आणि त्यांतील दहा टक्के बाधित झाली असावीत, अशा अंदाजातून तो निघाला आणि पुनरुक्तीने पक्का झाला. मॉरिस यांना संगणक गैरवापर कायद्याखाली दोषी ठरवण्यात आले; १९९० साली तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा आणि दंड अशी शिक्षा झाली. ‘गेट्स’ हे फंक्शन सी भाषेच्या प्रमाणकातून बाहेर पडायला मात्र २०११ साल उजाडावे लागले. गुन्हेगाराची शिक्षा भोगून संपल्यावरही उघडे दार जवळजवळ वीस वर्षे तसेच होते.

१०/
या घटनेनंतर वर्षभरातच, ऑक्टोबर १९८९ मध्ये, ‘आरएफसी ११२२’ हा दस्तऐवज आला. त्यात पोस्टेलचे वचन पुन्हा छापले आहे. पण त्याखाली एक नवा इशारा आहे. जाळे दुष्ट हेतूने मजकूर पाठवणाऱ्यांनी भरलेले आहे असे धरूनच सॉफ्टवेअर लिहावे, असे तो सांगतो. एकाच पानावर उदारपणाचा उपदेश आणि संशयाचा इशारा. पुढची तीस वर्षे बहुतेकांनी पहिला भाग लक्षात ठेवला.

११/
मग वेब आले आणि दार सर्वांसाठी खुले झाले. १९९५ साली नेटस्केप ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट अवतरली. अर्जातील रिकामा रकाना किंवा चुकीची तारीख सर्व्हरपर्यंत न जाता ब्राउझरमध्येच पकडता येऊ लागली. वापरणाऱ्याच्या सोयीसाठी हे उत्तमच होते. पण पुष्कळांनी त्यालाच सुरक्षा मानले. ब्राउझर पाहुण्याच्या हाती असतो. पाहुण्याने स्वतःची झडती स्वतः घेऊन ‘काही नाही’ असे सांगावे आणि पहारेकऱ्याने मान डोलवावी, असा तो प्रकार होता. ब्राउझर टाळून हाताने रचलेली विनंती थेट सर्व्हरला पाठवणे कधीच अवघड नव्हते.

१२/
याची किंमत काय, हे १९९८ च्या नाताळात ‘फ्रॅक’ या हॅकरांच्या नियतकालिकाच्या ५४व्या अंकात छापून आले. ‘रेन फॉरेस्ट पपी’ या टोपणनावाने जेफ फॉरिस्टल यांनी लिहिलेल्या लेखात दाखवले होते की, वेबवरील रकान्यात भरलेला मजकूर डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत जसाच्या तसा जोडला, तर तो मजकूर स्वतःच आज्ञा बनू शकतो. पुढे या तंत्राला ‘एसक्यूएल इंजेक्शन’ असे नाव पडले.

१३/
त्याचे मर्म एका अवतरणचिन्हात आहे. डेटाबेसच्या भाषेत मजकूर एकेरी अवतरणचिन्हांत लिहितात. नावाच्या रकान्यात कोणी अवतरणचिन्ह टंकले की नाव तेथेच संपते आणि त्यापुढचे सारे हुकूम म्हणून वाचले जाते. यावर घाईने शोधलेला उपाय असा की, अवतरणचिन्ह असलेला मजकूरच नाकारायचा. आता आयर्लंडमधल्या ओ’ब्रायन नावाच्या माणसाने काय करावे? त्याच्या आडनावातच ते चिन्ह आहे. चोर दुसरी वाट शोधतो आणि ओ’ब्रायन दाराबाहेर राहतो. खरा उपाय निराळा होता : आज्ञा आणि मजकूर डेटाबेसकडे वेगवेगळे पाठवायचे, म्हणजे मजकुरात काहीही असले तरी तो मजकूरच राहतो. उपाय उपलब्ध होता, पण वापर सार्वत्रिक नव्हता. अमेरिकेतील ‘हार्टलँड पेमेंट सिस्टिम्स’ या कंपनीने जानेवारी २००९ मध्ये आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे जाहीर केले. सुमारे १३ कोटी कार्डांची माहिती चोरल्याचा आरोप ठेवला गेला आणि शिरकाव एसक्यूएल इंजेक्शननेच झाला होता. सूत्रधार अल्बर्ट गोन्झालेस याला २०१० साली वीस वर्षांची कैद झाली. ‘फ्रॅक’मधील लेख तोवर दशकभर जुना झाला होता.

१४/
दरम्यान उदारपणाविरुद्ध एक बंडही झाले होते. ब्राउझर चुकलेले एचटीएमएल निमूट सांभाळून घेत. प्रत्येक ब्राउझर चुकीचा अर्थ आपापल्या पद्धतीने लावी आणि त्या अर्थांची गुंतागुंत वाढत जाई. फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएलचे प्रमाणक आले, त्यात याला पूर्ण फाटा होता : रचनेत एक जरी खूण चुकली, तरी वाचन थांबवावे. मे २००१ मध्ये ‘एक्सएमएल स्कीमा’ आला. कोणता रकाना हवा, कोणत्या प्रकारचा, किती वेळा, हे सारे आधीच लेखी ठरवता येऊ लागले. शिस्त आली, पण तिच्याबरोबर जडपणाही आला. म्हणून डग्लस क्रॉकफर्ड यांनी पुढे आणलेले जेसन लोकांना एकदम भावले. ते सुटसुटीत होते, माणसालाही वाचता येई. मात्र हलके होण्याच्या नादात पहारेकरीही मागे राहिला. जेसनसाठी स्कीमाचा पहिला मसुदा येण्यास २००९ चा डिसेंबर उजाडला. मधल्या काळात असंख्य एपीआय लिहिले गेले आणि आत काय येते, हे ज्याने त्याने आपल्या मर्जीने तपासले किंवा तपासलेच नाही.

१५/
या निष्काळजीपणाचे सर्वांत बोलके उदाहरण मार्च २०१२ मधले आहे. ‘रूबी ऑन रेल्स’ ही त्या काळची लाडकी वेब चौकट. तिची एक सोय अशी होती की, विनंतीत आलेले सगळे रकाने एका ओळीच्या आज्ञेने थेट डेटाबेसच्या नोंदीत उतरवता येत. अर्जात नाव आणि पत्ता असेल, तर नोंदीत नाव आणि पत्ता भरला जाई. पण कोणी हाताने ‘मालक’ असा तिसरा रकाना जोडून पाठवला तर? तोही भरला जाई. येथे कोणताही मजकूर चुकीचा नव्हता. आकडा आकडाच होता, लांबी मर्यादेत होती. चूक इतकीच की, न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर स्वीकारले जात होते.

१६/
इगोर होमाकोव्ह या रशियन तरुणाने हा धोका रेल्सच्या मंडळींसमोर मांडला. कोणते रकाने स्वीकारायचे याची यादी करण्याची सोय आहेच. ती वापरणे ही ॲप लिहिणाऱ्याची जबाबदारी, अशी चौकटीच्या बाजूची भूमिका होती. ही भूमिका तर्काला धरून आहे, पण व्यवहाराला धरून नाही. जी कडी मुद्दाम आठवून घालावी लागते, ती बहुतेक घरांत उघडीच राहते. होमाकोव्ह यांनी हे सिद्ध करण्यासाठी निवडलेले घर मोठे मार्मिक होते. रेल्सचा स्वतःचा कोड गिटहबवर ठेवलेला होता आणि गिटहब ही सेवा रेल्सवरच बांधलेली होती.

१७/
प्रथम त्यांनी तारखेचा रकाना घुसडून हजार वर्षांनंतरची तारीख असलेली एक नोंद रेल्सच्या पानावर टाकली. थट्टा कोणी मनावर घेतली नाही. ४ मार्च रोजी त्यांनी सार्वजनिक किल्ली नोंदवण्याच्या अर्जात वापरकर्त्याच्या क्रमांकाचा एक जादा रकाना जोडला. सर्व्हरने तो मुकाट्याने स्वीकारला आणि होमाकोव्ह यांची किल्ली रेल्स प्रकल्पाच्या अधिकृत किल्ल्यांत जाऊन बसली. त्या किल्लीने त्यांनी रेल्सच्या मुख्य कोडमध्ये एक नवी फाइल टाकली. नुकसान काही केले नाही. फक्त आत आलो होतो, एवढी खूण ठेवली. गिटहबने त्यांचे खाते स्थगित केले, फट त्याच दिवशी बुजवली आणि नंतर खाते पूर्ववत केले.

१८/
या घटनेमागे द्वेष असता तर काय झाले असते, याची कल्पना रेल्सवर चाललेल्या हजारो संकेतस्थळांना एका दिवसात आली. त्याच महिन्याअखेरीस नव्या ॲपसाठी रेल्सची मूळ ठेवण बदलली. जून २०१३ मध्ये आलेल्या रेल्स ४ ने नियमच उलटा केला : परवानगी दिलेला रकाना तेवढा आत, बाकीचे दाराबाहेर. पोस्टेलचे उदार दार येथे उलट्या दिशेने फिरले. इतर चौकटींचे लेखकही या प्रसंगातून पुष्कळ शिकले.

१९/
लांबी तपासण्याचा जुना धडा मात्र पुन्हा गिरवावा लागला. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ हा दोष जाहीर झाला. जोडणी जिवंत आहे ना हे पाहण्यासाठी एक बाजू थोडा मजकूर आणि त्याची लांबी पाठवी. दुसरी तोच मजकूर परत करी. मजकूर एका अक्षराचा पाठवून लांबी ६४ हजारांच्या घरात सांगितली, तर सर्व्हर सांगितलेल्या लांबीवर विश्वास ठेवी आणि उरलेली भरती स्वतःच्या स्मृतीतून करी. त्या स्मृतीत पासवर्ड असत, खासगी किल्ल्या असत. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ असे मोर्तब असे. पत्र येथे संपले, यापुढचे पत्रातले नाही, याची ती ग्वाही. हार्टब्लीडच्या कोडमध्ये नेमके हे मोर्तब तपासायचे राहिले होते. गंमत अशी की, लांबी अवाजवी असेल तर संदेश टाकून द्यावा, असे प्रमाणकात स्पष्ट लिहिलेले होते. कॅनडाच्या कर खात्यातून सुमारे ९०० नागरिकांचे विमा क्रमांक या फटीतून चोरीस गेले.

२०/
नाकारायचे कसे, यालाही इतिहास आहे. बॅबेजच्या घंटेची आजची वारस म्हणजे एचटीटीपीचे उत्तर-क्रमांक. विनंतीच नीट वाचता येत नसेल तर ४००. वाचता आली, पण आशयाने बसत नाही, यासाठी फेब्रुवारी १९९९ मध्ये ‘वेबडॅव्ह’ या जोडप्रमाणकाने ४२२ हा क्रमांक दिला. तो बरीच वर्षे कोपऱ्यात पडून होता. एपीआयच्या युगात त्याला काम मिळाले आणि २०२२ साली एचटीटीपीच्या मुख्य प्रमाणकात त्याला जागा मिळाली. पुढील वर्षी, जून २०२३ मध्ये, ‘आरएफसी ९४१३’ प्रसिद्ध झाला. पोस्टेलच्या वचनानंतर त्रेचाळीस वर्षांनी इंटरनेटच्याच जाणकारांनी त्यात लिहून ठेवले की, चुका निमूटपणे सांभाळून घेतल्या तर त्या रूढ होतात आणि नियम कुजतो. चूक दिसताच सांगावी आणि प्रमाणक दुरुस्त करत राहावे.

२१/
काटेकोरपणाचा हा विजय मराठी वाचकाने मात्र थोडे थांबून पाहावा, कारण नाकारणे आणि स्वीकारणे यांखेरीज तिसरीही एक रीत आहे : न सांगता ‘साफ’ करणे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यास’ दिलेली दक्षिणा आणि ‘आचाऱ्यास’ दिलेली दक्षिणा वेगळी. हा अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, त्यासाठीच असलेल्या वेगळ्या अक्षराने. दुसरा, साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे ‘शून्यरुंदी जोडक’ नावाचे एक अदृश्य चिन्ह जोडून. हे चिन्ह दिसत नाही, त्याला रुंदी नाही. आणि अदृश्य चिन्हे फसवणुकीला सोयीची असल्याने पडताळणी लिहिणाऱ्याला ती प्रथम संशयास्पद वाटतात.

२२/
मार्च २००३ मध्ये इंग्रजीखेरीज इतर लिप्यांत संकेतस्थळांची नावे नोंदवण्याचे नियम आले. त्या नियमांनी हे जोडक चिन्ह नाकारले नाही. ते गुपचूप काढून टाकले. परिणामी दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला, तर पहिल्या पद्धतीने लिहिलेला शब्द जसाच्या तसा राहिला. पडद्यावर एकसारखे दिसणारे दोन शब्द आत जाताच दोन झाले आणि टंकणाऱ्याला कोणी काही कळवले नाही. चिन्ह सरसकट खुले ठेवणेही शक्य नव्हते, कारण रोमन अक्षरांत ते दडवून हुबेहूब दिसणारी खोटी नावे रचता आली असती. ऑगस्ट २०१० मध्ये सुधारलेल्या नियमांनी यावर जो तोडगा काढला, तो देवनागरी जाणणाऱ्याच्या सल्ल्याशिवाय सुचण्यासारखा नाही : हे जोडक चिन्ह हलन्ताच्या लगेच पुढे आले तर ग्राह्य धरावे; कोणत्याही संदर्भाविना इतरत्र आढळले, तर ते नाव नाकारावे.